वाढते वय आणि मेंदूतील वेष्टनकार



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा पुष्कळांनी आम्हांला विचारले की, बोनस, महागाईभत्ता आणि पाळ्या यांवर बोलणारा माणूस मेंदूच्या भानगडीत कोठून शिरला? प्रश्न रास्त आहे. आम्ही डॉक्टर नाही, प्राध्यापकही नाही. शाळेशी आमचा संबंध नववीपर्यंतच आला. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. परंतु ज्या कामात आमची तीस वर्षे गेली त्या कामात एक वाक्य आम्हांला वारंवार ऐकावे लागते: "माणूस आता मंद झाला." पन्नाशी उलटलेल्या कामगाराबद्दल हे वाक्य बोलले जाते आणि त्यामागोमाग बहुधा स्वेच्छानिवृत्तीचा कागद येतो. तेव्हा मंद होणे म्हणजे नेमके काय, ते शरीरात कोठे घडते आणि त्यात सुधारणेला काही जागा आहे की नाही, हे समजून घेणे आम्हांला आमच्याच कामाचा भाग वाटले. आम्ही स्वतःही पन्नाशी ओलांडली आहे, त्यामुळे हा अभ्यास अगदीच निःस्वार्थ होता असे म्हणवत नाही.

मेंदू चिरून पाहिला तर त्यात दोन रंग दिसतात. बाहेरची साल करडी आणि आतला गाभा पांढरा. करड्या सालीत मज्जापेशींची दाट वस्ती असते. या पेशींपासून निघालेले लांब तंतू आतल्या पांढऱ्या भागातून एका वस्तीकडून दुसऱ्या वस्तीकडे संदेश नेतात. माणसाच्या मेंदूचा जवळजवळ निम्मा भाग या पांढऱ्या द्रव्याने व्यापलेला आहे. तरीही सारी कीर्ती आजवर करड्या सालीच्या वाट्याला आली. विचार करणारा तो मोठा आणि निरोप पोचवणारा तो हलका, ही समजूत समाजात आहे तशी शास्त्रातही बराच काळ होती.

हा भाग पांढरा दिसतो तो तंतूंवरील वेष्टनामुळे. १८५४ साली रुडॉल्फ फिर्खो या जर्मन शास्त्रज्ञाने त्याला मायलिन हे नाव दिले. पाणी काढून टाकले तर या वेष्टनाच्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग चरबीजातीय पदार्थांचा भरतो. विजेच्या तारेवर रबराचे आवरण असते तसे हे आवरण, असे सांगण्याचा प्रघात आहे. उपमा सोयीची आहे, पण अपुरी आहे. तारेवरचे आवरण सलग असते. मायलिन मात्र तुकड्यातुकड्यांनी गुंडाळलेले असते आणि दोन तुकड्यांच्या मध्ये तंतू थोडासा उघडा राहतो. या उघड्या जागा फ्रान्समधील लुई रांव्हिए याने १८७० नंतरच्या दशकात वर्णन केल्या. त्यांचा उपयोग काय, हे जपानच्या इचिजी तासाकी याने १९३९ साली दाखवले आणि १९४९ साली हक्सली व स्टँफ्ली यांनी ते पक्के केले. संदेश तंतूभर सरपटत जात नाही. तो एका उघड्या जागेवरून दुसऱ्या उघड्या जागेवर उडी घेतो. मुंबईची धीमी लोकल प्रत्येक स्थानकावर थांबते आणि जलद लोकल मोजक्याच, तसाच हा फरक. वेष्टन नसलेल्या बारीक तंतूत संदेश सेकंदाला एखाद-दोन मीटर सरकतो. जाड वेष्टनाच्या तंतूत तो सेकंदाला शंभर मीटरपर्यंत धावतो.

वेष्टन नसते तर वेग वाढवण्याला तंतू जाड करणे एवढाच मार्ग उरला असता. कोकणात ज्याला म्हाकूल म्हणतात त्या प्राण्याने तोच मार्ग धरला आहे. त्याच्या काही जातींत एकेक तंतू जवळजवळ एक मिलिमीटर जाड असतो. आपल्या डोक्यात असले तंतू बसवायचे म्हटले तर ते डोके कोणत्याही दारातून आत शिरणार नाही. थोडक्या जागेत वेगवान दळणवळण ही किमया वेष्टनाची आहे.

मग हे वेष्टन तयार कोण करते? याचे उत्तर स्पेनमधील पिओ देल रिओ-ओर्तेगा याने १९२१ च्या सुमारास दिले. चांदीच्या क्षाराने पेशी रंगवण्याची त्याने बसवलेली रीत इतकी नाजूक होती की, पूर्वी कोणी नीट न ओळखलेली पेशीची एक जात तिने उजेडात आली. तिला फांद्या थोड्या, म्हणून नाव पडले ऑलिगोडेन्ड्रोसाइट. पण कीर्तिमान काहालशी त्याचे पटले नाही. १९२० साली त्याला प्रयोगशाळेबाहेर पडावे लागले. पुढे स्पेनच्या यादवीने त्याचा देशही सुटला आणि १९४५ साली तो ब्युनोस आयर्स येथे वारला. त्याने शोधलेल्या पेशीचे नाव जड आहे. आजच्या पुरते आपण तिला वेष्टनकार म्हणू.

हातापायांतील मज्जातंतूंना वेष्टन घालणाऱ्या पेशी निराळ्या आहेत. तेथे एक पेशी एका तंतूचा एकच तुकडा गुंडाळते. मेंदूतील वेष्टनकार मात्र आपल्या फांद्या पसरून निरनिराळ्या तंतूंचे चाळीस-पन्नास तुकडेसुद्धा एकट्याने सांभाळतो. एक कामगार आणि पन्नास माग, असे हे काम आहे. शिवाय तो केवळ गुंडाळून मोकळा होत नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनावरून असे दिसते की, तो तंतूला लॅक्टेटच्या रूपाने इंधनही पुरवतो. लांब तंतूचे घर, म्हणजे मूळ पेशी, फार दूर असते. वाटेतली शिदोरी वेष्टनकाराकडून मिळते. म्हणून वेष्टनकार खचला म्हणजे संदेश नुसता मंदावत नाही, कालांतराने तंतूही सुकतो.

आता वयाकडे वळू. माणूस जन्मतो तेव्हा हे काम नुकते कोठे सुरू झालेले असते. प्रथम हालचाल आणि ज्ञानेंद्रिये यांच्या वाटांना वेष्टन मिळते. कपाळामागचा भाग, ज्यावर धोरण आणि संयम अवलंबून असतो, तो अगदी शेवटी पुरा होतो. पांढऱ्या भागाची वाढ बालपणी थांबत नाही. मोजण्याच्या पद्धतीप्रमाणे ती तिशी ते चाळिशीच्या सुमारास शिखराला पोचते. ज्या वयात आपण माणसाला जाणता म्हणू लागतो, साधारण त्याच वयात ही बांधणी पूर्ण होते.

त्यानंतर उतार लागतो. कोपनहेगनच्या संशोधकांनी २००३ साली वेष्टन असलेल्या तंतूंची एकूण लांबी मोजून प्रसिद्ध केली. विसाव्या वर्षी पुरुषाच्या मेंदूत ही लांबी सुमारे १,७६,००० किलोमीटर भरते, स्त्रीच्या मेंदूत १,४९,०००. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर. म्हणजे पुरुषाच्या डोक्यात पृथ्वीला चार वेढे घालून उरेल इतका माल असतो. ऐंशीव्या वर्षी हाच आकडा पुरुषात ९७,२०० आणि स्त्रीत ८२,००० वर येतो. दर दहा वर्षांला सुमारे दहा टक्के घट. यात प्रथम जातात ते बारीक तंतू, जाड त्या मानाने टिकतात.

उरलेल्या तंतूंचे काय होते, हे अमेरिकेत बॉस्टन येथे ॲलन पीटर्स यांनी वृद्ध माकडांच्या मेंदूत सूक्ष्मदर्शकाखाली वर्षानुवर्षे पाहिले. वेष्टनाच्या घड्या सुटतात, मध्येच पाण्याचे फुगे धरतात. कोठे कोठे नेहमीपेक्षा आखूड तुकडे दिसतात. हे आखूड तुकडे म्हणजे दुरुस्तीची ठिगळे होत. ठिगळाने तंतू झाकला जातो, पण जेथे एक लांब तुकडा होता तेथे दोन आखूड आले. म्हणजे जलद गाडीला एक जादा थांबा मिळाला. एका थांब्याने काही बिघडत नाही. परंतु मेंदूचे काम वेळेवर चालते. दोन ठिकाणांहून निघालेले निरोप एकाच क्षणी पोचले तर अर्थ लागतो. एक मागे पडला तर माणूस अडखळतो. ओळखीचे नाव ओठावर येऊन थांबते. दोन कामे एकदम करताना एक हातून सुटते. म्हातारपणाच्या मंदपणाला इतरही कारणे आहेत, पण त्याचा एक मोठा वाटा या वाटांवर उमटतो.

येथवरची हकिकत ऐकून कोणी म्हणेल, झीज व्हायचीच. यंत्र झिजते तसा माणूस झिजतो. पण पुढची हकिकत आहे आणि आमच्या मते तीच महत्त्वाची आहे.

प्रथम हे कारागीर किती वर्षांचे असतात ते पाहू. हे कळण्याचा मार्ग फार विलक्षण ठरला. १९५० नंतर आणि १९६३ च्या करारापर्यंत मोठ्या राष्ट्रांनी उघड्यावर अणुबाँबच्या चाचण्या केल्या. त्यामुळे हवेतील किरणोत्सारी कार्बन जवळजवळ दुप्पट झाला आणि करारानंतर उतरत गेला. तो झाडांत गेला, झाडांतून अन्नात आणि अन्नातून आपल्यात. पेशी जन्मते त्या वर्षीच्या हवेचे प्रमाण तिच्या केंद्रकावर शिक्क्यासारखे राहते. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत योनास फ्रिसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा शिक्का वाचला आणि २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. पांढऱ्या भागातील वेष्टनकारांची भरती बालपणीच जवळजवळ पुरी होते. पुढे वर्षाला तीनशेंत एक एवढीच बदली होते. त्यांनी बांधलेले मायलिन मात्र सतत नवे होत असते. म्हणजे कामगार तेच, माल रोज नवा. पाचव्या-सहाव्या वर्षी कामावर लागलेला कारागीर सत्तराव्या वर्षीही त्याच तंतूंवर उभा असतो. इतकी दीर्घ सेवा आम्हांला कोणत्याही हजेरीपटावर आढळलेली नाही.

पण एखादा कारागीर पडलाच तर? त्याची सोय आहे. प्रौढ मेंदूत काही पेशी आयुष्यभर उमेदवारी करीत असतात. दर शंभर पेशींत पाच ते आठ असे त्यांचे प्रमाण आहे. १९८३ साली लंडनमध्ये मार्टिन रॅफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या डोळ्याच्या तंतूंत त्यांचा माग काढला. इजा झाली की हे उमेदवार त्या जागी धावतात, वाढतात आणि पुरे वेष्टनकार होतात. तरुणपणी हे काम तडफेने होते. म्हातारपणी रेंगाळते. का रेंगाळते?

उमेदवार संपले असतील, हे पहिले उत्तर सुचते. ते बरोबर नाही. वृद्ध मेंदूतही उमेदवार पुष्कळ असतात. केंब्रिजच्या रॉबिन फ्रँकलिन आणि सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवले की, म्हाताऱ्या उंदरांत उमेदवार जागेवर उशिरा पोचतात आणि पोचले तरी कायम होत नाहीत. ही तक्रार आम्हांला ऐकल्यासारखी वाटली, हे आपण समजू शकाल. उमेदवार आहे, काम आहे, आणि तरीही तो उमेदवारच राहतो. तेव्हा दोष त्याच्यात आहे की जागेत?

याची उत्तरे एकामागून एक आली. २०१२ साली तरुण आणि वृद्ध उंदरांचे रक्ताभिसरण जोडून पाहण्यात आले. तरुण उंदराकडून आलेल्या सफाई करणाऱ्या पेशींनी जुन्या वेष्टनाचा केरकचरा उचलला आणि वृद्ध उंदराचे उमेदवार कामाला लागले. म्हणजे निम्मा अडथळा कचऱ्याचा होता. मोडतोड पडून राहिली तर नवा गवंडी भिंत घालणार कोठे? मग २०१९ साली केंब्रिजहून दुसरी बातमी आली. वय वाढते तसा मेंदूतील पेशींभोवतीचा भाग ताठर होत जातो. संशोधकांनी वृद्ध उंदरांचे उमेदवार काढून कोवळ्या पिल्लांच्या मेंदूत ठेवले, तेव्हा ते तरुणासारखे वाढू लागले. तरुण उमेदवार ताठर थरावर ठेवले तेव्हा ते म्हाताऱ्यासारखे वागू लागले. ताठरपणा ओळखणारा पिएझो-एक नावाचा एक दरवाजा पेशीच्या पडद्यात असतो. तो काढून टाकताच वृद्ध जागेतही उमेदवारांना उभारी आली.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. वार्धक्याचा मोठा अंश कामगारात नव्हता; तो त्याच्या भोवतालात होता. शास्त्रज्ञांनी हे पेशींबद्दल म्हटले आहे, माणसांबद्दल म्हटलेले नाही, आणि उंदराच्या मेंदूवरून कारखान्याचा कायदा काढू नये हे आम्हांला कळते. पण "वय झाले, आता काय व्हायचे" हे जे आपण मान डोलावून म्हणतो, ते निदान या पेशींच्या बाबतीत खोटे ठरले आहे. त्याच वर्षी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. म्हाताऱ्या उंदरांना दिवसाआड उपवास घडवला किंवा मेटफॉर्मिन दिले तर त्यांचे उमेदवार पुन्हा तरतरीत झाले. मेटफॉर्मिन आपल्याकडे मधुमेहासाठी घरोघर असते, म्हणून येथेच बजावून सांगतो. हे उंदरांत घडले आहे. माणसांत चाचण्या हाती घेतल्या गेल्या आहेत. स्मरणशक्तीसाठी शेजाऱ्याच्या डबीतील गोळी घेणे हा शुद्ध मूर्खपणा होईल. तसेच या वयात, मधुमेहाची गोळी चालू असताना, मनानेच उपवास धरू नयेत.

मग आज आपल्या हाती काय आहे? एक गोष्ट निश्चित आहे आणि ती स्वस्त आहे. पांढऱ्या भागाच्या खोल गाभ्यात रक्त नेणाऱ्या नळ्या फार बारीक आणि लांब असतात. कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतासारखी त्या भागाची अवस्था असते. वर कोठे अडले की पहिला फटका त्याला. रक्तदाब वाढलेला राहिला की या नळ्या कठीण होतात आणि मेंदूच्या चित्रात पांढरे डाग दिसू लागतात. कॅनडातील व्लादिमिर हाचिन्स्की आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली या बदलाला स्वतंत्र नाव दिले. असे डाग वाढले की चाल मंदावते, विचाराचा वेग उतरतो आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचा निकाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. पन्नाशीपुढील, रक्तदाब असलेल्या लोकांचे दोन गट केले होते. एकात वरचा आकडा १४० च्या खाली ठेवायचा, दुसऱ्यात १२० च्या खाली. सुमारे चार वर्षांनी पहिल्या गटात डागांची वाढ सरासरी १.४५ घन सेंटिमीटर झाली होती, दुसऱ्यात ०.९२. डाग थांबले नाहीत, पण त्यांचा वेग कमी झाला. कोणाला किती आकडा मानवेल ते डॉक्टरांनी ठरवावे. आकडा माहीत असणे मात्र प्रत्येकाचे काम आहे. रक्तदाब दुखत नाही, म्हणून तो मोजावा लागतो.

दुसरी गोष्ट वापराची. २००९ साली ऑक्सफर्डमध्ये प्रौढ माणसांना सहा आठवडे तीन चेंडू झेलण्याचा खेळ शिकवला, तेव्हा त्यांच्या मेंदूच्या पांढऱ्या भागात मोजता येईल असा बदल झाला. २०१४ साली लंडनमध्ये उंदरांना वेड्यावाकड्या दांड्यांच्या चाकावर पळायला शिकवले. ज्यांच्यात नवे वेष्टनकार तयार होणे बंद केले होते त्यांना ती विद्या नीट साधली नाही. तात्पर्य, नवे काम शिकणे हे या कारागिरांना बोलावणे आहे. जुनेच काम रोज केल्याने ते बोलावणे जात नाही. आमच्या वाचनालयात साठीनंतर कानडी शिकणारे एक गृहस्थ येतात. लोक त्यांना हसतात. आम्ही हसत नाही.

आता आमच्या मूळ वाक्याकडे येऊ. मंद आणि निकामी हे दोन शब्द एकच आहेत काय? एका कारखान्यात, त्याचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही, छप्पन वर्षांच्या एका टर्नरला हात चालत नाही म्हणून घरी बसण्यास सांगितले. लेथवर एक नग काढायला तो तरुण मुलापेक्षा जास्त वेळ घेत होता, हे खरे होते. पण त्या खात्याच्या रिजेक्शनच्या नोंदवहीत सर्वांत कमी नग त्याच्या नावावर होते, हेही खरे होते. नोंदवही आम्ही टेबलावर ठेवली. ती कोणी उघडली नाही. वय झालेला माणूस उत्तराला वेळ घेतो; मानसशास्त्राचे प्रयोग असे सांगतात की, त्यातला काही वेळ चूक टाळण्यासाठी तो आपण होऊन घेत असतो. घड्याळाला हा फरक दिसत नाही. घड्याळ लावणाऱ्या माणसाला तो दिसला पाहिजे.

म्हणून आमचे म्हणणे दोन पदरी आहे. चाळिशीनंतर वाटांची डागडुजी मंदावते, हे मान्य करावे. तरुणाइतकाच वेग आहे असे सोंग म्हाताऱ्याने आणू नये आणि युनियननेही तसे भांडू नये. पण डागडुजी मंदावणे म्हणजे ती बंद पडणे नव्हे. उमेदवार जागेवर आहेत. केर निघाला, पाणी टोकापर्यंत पोचले, जागा मऊ राहिली आणि काम मिळत गेले तर ते काम करतात. कारखान्यात वर्षातून एकदा प्रत्येकाचा रक्तदाब मोजला जावा, पन्नाशीनंतरही नवे यंत्र शिकण्याची संधी मिळावी आणि माणसाची परीक्षा केवळ वेगावर न होता त्याच्या हातून निघालेल्या मालावर व्हावी, या मागण्या आम्ही कनवाळूपणाने करीत नाही. मेंदूची रचनाच त्यांच्या बाजूने साक्ष देते.

घरातल्या वडील माणसांनाही हाच न्याय लावावा. आजोबा नाव आठवत थांबले तर ते नाव आपण पटकन पुरवू नये. निरोप निघालेला असतो. वाटेत दोन थांबे वाढले आहेत, इतकेच. क्षणभर थांबावे.

 घरी जाताना ज्यांनी गेल्या वर्षभरात रक्तदाब मोजलेला नाही त्यांनी या आठवड्यात तो मोजून घ्यावा, एवढे मागणे करून रजा घेतो.